चौसष्टातले अकरा

१

सावळा मेंगाळ गेला त्याला नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी त्याची बायको बाया तुंगार्लीला सविता केदारींच्या दारात आली. डोक्यावर नेहमीची करवंदांची पाटी नव्हती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद होते.

"ताई, हे वाचा. दोनी वाचा. आन् मला सांगा, ह्यातलं खोटं कंचं."

पहिला कागद सरकारी दवाखान्याचा होता. दोन्ही फुप्फुसांत क्षय, फार पसरलेला. दुसरी होती जानेवारीतली एक छोटी पावती. 'डोंगरवाट आरोग्य संस्था, क्षय तपासणी शिबिर, मोरदरे. बेडक्याचा नमुना मिळाला.' खाली नंबर : ००४१७.

सविताबाईंनी पावती दोनदा उलटसुलट केली. "नमुना जानेवारीत दिला होता? मग निकाल काय आला?"

"त्येच तर. बाई म्हनली, पंधरा दिसांत फोन आला तर यायचं, न्हाई आला तर समजायचं काय न्हाई. फोन आला न्हाई. हे म्हनलं, बघ, मला काय झालं न्हाई, बिड्यांचा खोकला हाय." बायाचा आवाज चढला. "तीन म्हैनं रगत थुकत गवत कापलं त्यानं, ताई. बंगल्यावाल्यांचं. डाक्टर म्हनला, जानेवारीत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर मानूस उठून नाचला असता."

सविता केदारी रडणाऱ्यातल्या नव्हत्या. तेहेतीस वर्षं त्यांनी पुण्यात रेल्वेच्या टपाल खात्यात गावागावांप्रमाणे पत्रं छाटली होती. हजारो पत्रं, शेकडो गावं, आणि एक नियम : थैलीत जेवढी आली तेवढ्यांचा हिशेब लागलाच पाहिजे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण तो नियम काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. आणि राग तर कधीच गेला नव्हता.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "लोणावळ्यात त्यांचं ऑफिस आहे ना? चल."

डोंगरवाटचे समन्वयक निवृत्ती सस्ते यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, हळहळ व्यक्त केली. खादीचा झब्बा, मऊ आवाज. भिंतीवर फोटो होता : मार्चमधला समारंभ, मोरदऱ्याचे सरपंच दत्तोबा ढोरे यांच्या हातात 'क्षयमुक्त गाव' असं प्रमाणपत्र आणि शेजारी निवृत्ती सर.

सरांनी संगणकावर यादी उघडली. "चाळीस वाड्यांतल्या शिबिरांत मिळून एक हजार आठशे सेहेचाळीस जणांचे नमुने घेतले. त्यात क्षय निघालेले हे त्रेपन्न. सावळा मेंगाळ यात नाहीत. म्हणजे तेव्हा त्यांना आजार नव्हता. नंतर झाला असणार. फार वाईट झालं."

"तीन महिन्यांत दोन्ही फुप्फुसं खलास?" सविताबाईंनी विचारलं.

"मी डॉक्टर नाही, बाई."

"मीही नाही."

त्या उठल्या. जिन्यात निम्म्यावर आल्या तेव्हा मागून पावलं वाजली. पांढऱ्या कोटातली एक तरुण मुलगी धापा टाकत उतरत होती. ती संस्थेची परिचारिका हर्षदा. बायाकडे तिला बघवत नव्हतं. पंधरा दिवसांत फोन येईल, असं जानेवारीत सांगणारी तीच होती.

"मावशी," ती सविताबाईंना कुजबुजली, "प्रयोगशाळेकडून यादी आली तेव्हा पाकीट मीच फोडलं होतं. खाली लिहिलं होतं, एकूण चौसष्ट."

२

सविताबाई तशाच मागे फिरल्या आणि सरळ सरांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"चौसष्टचे त्रेपन्न कसे झाले?"

निवृत्ती सरांच्या हातातलं पेन थांबलं. क्षणभरच. मग ते हसले. "दुबार नावं असतात. लोक दोनदा नमुना देतात, एकाचे दोन नंबर होतात. ते काढले की आकडा खाली येतो. आणि चूक झालीच असेल, तर ती ऑपरेटरची. धम्मदीप म्हणून होता. बेजबाबदार पोरगा. मी त्याला एप्रिलमध्येच काढला."

"यादी दाखवा."

"रुग्णांची माहिती गोपनीय असते. तुम्हांला कायदा माहीत नसेल."

"गोपनीय!" बाया ओरडली. "माज्या नवऱ्याचा आजार माज्यापासनं गोपनीय? मग सांगायचं कुनाला व्हतं तुमाला? मसनवट्याला?"

सरांनी शिपायाला हाक मारली.

खाली रस्त्यावर सविताबाईंनी हर्षदाला गाठलं. त्यांच्या प्रश्नांत गोडवा नव्हता.

"फोन करायचं काम तुझं होतं?"

"हो. मला त्रेपन्न जणांची यादी मिळाली. सगळ्यांना फोन केले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या घरी गेले. मावशी, त्रेपन्नच्या त्रेपन्न जणांच्या गोळ्या सुरू आहेत, रजिस्टर बघा."

"आणि चौसष्टचा आकडा तुला माहीत होता."

हर्षदाने मान खाली घातली. "मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, दुबार. मी गप्प बसले. कंत्राटावर आहे मी."

"कंत्राटावर." सविताबाईंच्या जबड्याची शीर उडाली. "बरं. प्रयोगशाळेची ती छापील यादी कुठंय?"

"सरांकडे. तीन फेब्रुवारीलाच दिली. पण..." तिने मोबाईल काढला. "देण्याआधी मी फोटो काढून ठेवले होते. तिन्ही पानांचे. नुसते नंबर आहेत, नावं नाहीत. संगणकातली नावांची फाईल मला कधीच मिळाली नाही."

चौसष्ट नंबर. बायाने पावती पुढे केली. सविताबाईंनी बोट फिरवत फिरवत दुसरं पान गाठलं आणि त्यांचं बोट थांबलं.

००४१७.

सावळाचा क्षय जानेवारीतच सापडला होता. कुणाला तरी ते माहीत होतं.

३

धम्मदीप शिरगावला, साईमंदिराजवळ भाविकांचे फोटो छापून देण्याच्या दुकानात काम करत होता. सविताबाईंनी संस्थेचं नाव काढताच त्याने हातातला कागद यंत्रावर आपटला.

"आलं का माझ्यावर? येणारच होतं! मॅडम लोकांचं चुकत नाही, सरांचं चुकत नाही. चुकतो तो कोपऱ्यात बसलेला धम्मदीप."

"तू चुकलास की नाही ते मला अजून माहीत नाही," सविताबाई म्हणाल्या. "काय केलंस ते ओळीने सांग."

त्याने सांगितलं. शिबिराच्या वेळी अठराशे सेहेचाळीस लोकांचा मोठा तक्ता त्यानेच तयार केला : नंबर, नाव, वाडी, फोन. तो वीस जानेवारीला सरांना मेलने पाठवला. फेब्रुवारीच्या पाच तारखेला सरांनी तोच तक्ता परत पाठवला. 'एकदोन फोन नंबर दुरुस्त केलेत, आता हीच अंतिम फाईल.' सोबत प्रयोगशाळेचे चौसष्ट नंबर.

"मी संगणकाला सांगितलं, ज्या ओळीचा नंबर या चौसष्टांत आहे तेवढीच ओळ ठेव, बाकीच्या गाळ. त्रेपन्न ओळी आल्या."

"आणि अकरा नंबरांना ओळच सापडली नाही, हे संगणकाने सांगितलं नाही?"

"तो कसा सांगेल, मावशी? जुळतं ते दाखवतो. जुळत नाही ते नुसतं दिसत नाही. आरडाओरडा करत नाही."

"तो नाही करणार. तू का नाही केलास?"

धम्मदीपचा चेहरा उतरला. "मी मोजलं होतं. सरांना सांगितलं, अकरा कमी आहेत. ते म्हणाले दुबार असतील, तू तुझं काम कर. मार्चमध्ये परत विचारलं. एप्रिलमध्ये काढून टाकलं."

बाया इतका वेळ दुकानाच्या पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "दोनदा इचारलंस. तिसऱ्यांदा माज्या दाराशी यायचं व्हतंस, बाबा."

त्याने आपटलेला कागद उचलला.

सविताबाईंनी विचारलं, "पाच फेब्रुवारीची फाईल अजून तुझ्या मेलमध्ये आहे?"

"आहे."

"छाप. सगळीच्या सगळी."

तासाभरात बेचाळीस पानं घेऊन तिघं तुंगार्लीला आले. सविताबाईंनी पुढच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि फरशीवर खडूने घरं आखली. आडवी दहा, उभी दहा. शंभर घरं, शून्य शून्यपासून नव्याण्णवपर्यंत.

"एकेक नंबर घेऊन बेचाळीस पानं चाळायची, तर आठवडा जाईल," धम्मदीप म्हणाला.

"एक पत्र घेऊन सगळा तालुका कोण फिरतं का? आधी खण बघायचा." त्यांनी चौसष्ट चिठ्ठ्या केल्या आणि शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे घरांत मांडल्या. ००४१७ सतराच्या घरात. बरीच घरं रिकामी, बाकीच्यांत एखादी, फार तर दोन. "आता मोठी यादी वरून खाली फक्त एकदा वाचायची. ओळीचे शेवटचे दोन आकडे बघायचे, त्या घरात नजर टाकायची. घर रिकामं असलं की पुढची ओळ. चिठ्ठी असली तरच पूर्ण नंबर ताडायचा."

"संगणकही आतून जवळपास असंच करतो," धम्मदीप हळूच म्हणाला.

"मग त्याला जमलं नाही ते आपल्याला जमतं का बघू."

यादीच्या ओळींवरून पट्टी सरकत राहिली. जुळणाऱ्या प्रत्येक ओळीवर लाल खूण, आणि चिठ्ठी उलटी. बायाला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. सतराच्या घराजवळ ती मांडी घालून बसली होती. अडीच तासांनी शेवटचं पान संपलं.

फरशीवर एकही चिठ्ठी सुलटी उरली नव्हती. चौसष्टच्या चौसष्ट जुळल्या होत्या. चौसष्ट वेगळे नंबर, चौसष्ट वेगळी माणसं. दुबार एकही नाही.

धम्मदीपने कपाळाला हात लावला. "पण याच फाईलमध्ये संगणकाला त्रेपन्न सापडले! मी शपथेवर सांगतो!"

"शपथ नको घेऊस," सविताबाई म्हणाल्या. "तुझे त्रेपन्न सोडून जे अकरा उरतात, ते मला दाखव."

४

इंग्रजी आकड्यांत छापलेल्या त्या अकरा नंबरांवर सविताबाईंनी भिंग धरलं. छाटणीत काम केलेल्या माणसाचा डोळा घाईत पत्ता वाचतो, पण संशय आला की अक्षराचा आकार बघतो. त्यांनी वरच्या ओळीतला एक जुळलेला नंबर पाहिला, मग सावळाचा. पुन्हा पहिला, पुन्हा सावळाचा.

"धम्मदीप, हे पहिलं शून्य बघ. बाकीची शून्यं उभट आहेत, अंड्यासारखी. हे गोल आहे. पोट सुटलंय त्याचं."

तो वाकला आणि तसाच राहिला. "हे शून्य नाहीच, मावशी. हे इंग्रजी 'ओ' अक्षर आहे."

अकराही ओळींत तेच. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र एक आकडा, एक अक्षर. तो म्हणणार, हा नंबर तो नव्हे. आणि ओळ गाळणार.

"टायपिंगची चूक?" सविताबाईंनी विचारलं.

"होऊच शकत नाही. मी नंबर टाईप केलेलेच नाहीत. पहिला दिला आणि खाली ओढत नेला, बाकीचे यंत्राने आपोआप भरले. एकेक ओळ उघडून कुणीतरी हाताने बदललंय."

"ते तू म्हणतोस. वीस जानेवारीची तुझी फाईल उघड."

त्याने मोबाईलवरच उघडली. त्यात तेच अकरा नंबर होते आणि अकरांची शून्यं उभट होती. सविताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच.

"वाडी कुठली या अकरांची?"

धम्मदीपने वाचायला सुरुवात केली. मोरदरे. मोरदरे. मोरदरे, वरची वाडी. मोरदरे. पुढचीही सगळी मोरदऱ्याचीच; ती त्याने मोठ्याने वाचलीच नाहीत. क्षयमुक्त गाव.

"मोरदऱ्याचे आणखी कुणी आहेत का चौसष्टांत? ज्याचा नंबर बदललेला नाही असं?"

"एक आहे." धम्मदीपने पान उलटलं. "माऊली ढोरे. वय एकाहत्तर."

बाया ताडकन उभी राहिली. "माऊली आबा? सरपंचाचा चुलता! त्याला फेबरवारीपासनं गोळ्या चालू हाईत. घरी आनून देत्यात."

सविताबाईंनी कागद गोळा केले आणि हर्षदाला फोन लावला.

"हर्षदा, सावळा सोडून दहा नावं देते. मोरदऱ्याची आहेत. त्यांना कुणालाच माहीत नाही की आपल्याला क्षय आहे. आत्ता निघायचं. तुझं कंत्राट राहो की जावो. ते दहा जण जिवंत आहेत का ते आधी बघ. ज्याने हे केलं त्याला मी नंतर बघते."

५

दहा जण सापडायला दोन दिवस लागले. आठ जण वाडीतच होते, खोकत, कामाला जात. रतनबाई नावाची बाई अंथरुणावर होती, तिला गाडीत घालून न्यावं लागलं. दहावा, संदीप नावाचा तरणा गडी, औंढ्याला मामाच्या शेतावर राबत होता, त्याच घरात दोन लहान पोरं झोपत होती. सगळ्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. पोरांच्याही तपासण्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला चौघं निवृत्ती सरांच्या खोलीत शिरले : सविताबाई, बाया, हर्षदा आणि धम्मदीप. सरांनी शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं.

"बोलवा त्याला," सविताबाई म्हणाल्या. "त्यालाही ऐकू दे. अकरा नंबर हाताने बदलले गेले. कुणी बदलले? धम्मदीपने? वीस जानेवारीला फाईल त्याच्या हातून गेली तेव्हा नंबर बरोबर होते. आणि तेव्हा कुणाला क्षय आहे हे प्रयोगशाळेलाही माहीत नव्हतं. निकाल आला तीन फेब्रुवारीला. मग हर्षदाने? तिला नंबर कळले, पण नावांची फाईल तिच्याकडे कधीच नव्हती. कुठला नंबर मोरदऱ्याचा, ते तिला कळणार कसं? तीन ते पाच फेब्रुवारी, हे दोन दिवस निकाल आणि फाईल दोन्ही एकाच टेबलावर होते. या टेबलावर."

"हे आरोप आहेत," सर म्हणाले. "मला करायचंच असतं तर ओळीच काढून टाकल्या नसत्या?"

"मीही दोन रात्री तेच विचारत होते. ओळी काढल्या असत्या तर अठराशे सेहेचाळीसचे अठराशे पस्तीस झाले असते, आणि पहिला आकडा तुम्ही जानेवारीतच वर कळवून बसला होतात. प्रयोगशाळेच्या कागदावर सही-शिक्का, त्याला हात लावता येत नाही. म्हणून नंबराचं एक शून्य बदललंत. ओळी तेवढ्याच, नावं तेवढीच. आणि गाळायचं काम धम्मदीपच्या हातून करवलंत, म्हणजे उद्या बोंब झाली तर मान त्याची. गावाला प्रमाणपत्र हवं तर रुग्ण किती चालतात, हर्षदा?"

"दोनापेक्षा जास्त नकोत," हर्षदा म्हणाली. या वेळी तिने मान खाली घातली नाही. "मोरदऱ्यात बारा होते. आणि एकतरी गाव क्षयमुक्त दाखवलं नाही तर संस्थेचं काम जूनमध्ये बंद होणार होतं."

निवृत्ती सरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांचा मऊ आवाज गेला होता. "दोन महिन्यांचा प्रश्न होता. फक्त दोन महिन्यांचा! मार्चमध्ये प्रमाणपत्र, एप्रिलमध्ये फेरतपासणी, त्यात सगळे सापडले असते. काम बंद पडलं असतं तर चाळीस वाड्यांना तपासणीच उरली नसती. मी कुणाला मारायला..."

"एप्रिलमधी फेरतपासनी झाली?" बायाने विचारलं.

सर टेबलावरचं पेन उचलू लागले.

"झाली का म्हनून इचारते!"

"नाही."

बाया टेबलाजवळ गेली. ओरडली नाही. "मार्चात तुमी गावात आलता. फेटं बांधलं, पेढं वाटलं. माजा मानूस बी आलता बगायला, खोकत. तुमी त्याला पेढा दिला, सायेब. हातात दिला. तुमाला ठावं व्हतं."

निवृत्ती सस्ते यांनी तिच्याकडे बघितलं नाही. शिपाई दारात उभा होता. त्याने हळूच सरांच्या पुढ्यातला पाण्याचा पेला उचलला आणि बाहेर नेला.

६

पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने सगळं लिहून घेतलं, पण सरपंचाचं नाव आलं तिथे त्याचं पेन अडलं.

"सस्तेंचं ठीक आहे, फाईल आहे, मेल आहे. दत्तोबा ढोऱ्यांचा काय संबंध? चुलत्याचं नाव यादीत राहिलं, तो योगायोगही असेल."

"बारातला एकच, आणि तोही सरपंचाच्या घरचा?" सविताबाई कडाडल्या.

"बाई, राग मलाही येतो. कागदावर राग लिहिता येत नाही. साक्षीदार द्या."

दुपारचा एक वाजला. बाकड्यावर बाया ताठ बसून होती. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि काठी टेकत एक म्हातारा उतरला. स्वच्छ धोतर, अंगावर थोडं मांस चढलेलं, चालण्यात जोर. जानेवारीत याला दोघांनी धरून शिबिरात आणलं होतं, हे हर्षदाला आठवत होतं. माऊली ढोरे.

तो थेट हवालदारापुढे गेला.

"वाडीत कळलं मला. मी सांगतो. फेब्रुवारीत दत्तू घरी आला, म्हनला, आबा, तुमचं नाव तेवढं यादीत राहू द्या म्हनून सायबाला मीच सांगितलं. बाकीची नंतर बघू. मी इचारलं, बाकीची म्हंजी कोन? तर म्हनला, वरच्या वाडीची हाईत, तुमाला काय करायचंय." म्हाताऱ्याला धाप लागली. "मी पुढं इचारलं न्हाई. गोळ्या खाल्ल्या. बरा झालो."

मग तो बाकड्याकडे वळला. बायाच्या पुढ्यात येऊन त्याने काठी काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि मान झुकवली. त्याला रडू फुटलं होतं. सविताबाईंना वाटलं, बाया आता उठेल, म्हाताऱ्याला बसवेल. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला असं उभं ठेवत नाहीत.

बाया उठली नाही.

"हात सोडा, आबा," ती म्हणाली. "तितं जावा, आन् सही करा."

म्हाताऱ्याने हात सोडले, आणि तो टेबलाकडे वळला.